मागच्या दाराची ज्वारी

बाई, काल तुमच्या नावानं सभागृह बांधणारी मंडळी घरी येऊन गेली. तिघं होते, तिघंही माझ्याहून बरेच लहान, तुम्हाला त्यांच्यापैकी कुणीही पाहिलेलं नाही. निजामाच्या काळात तुरुंगात गेलेल्या लोकांची घरं तुम्ही कशी जगवलीत, हे त्यांनीच मला समजावून सांगितलं. मग म्हणाले, तुमच्या हाताखाली शिकलेली नळदुर्गात आता मी एकटीच उरले आहे, तर दोन पानं आठवणी लिहून द्याव्यात. मी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, आता काही आठवत नाही. त्यांना ते लगेच पटलं. ते गेल्यावर मला इतका राग आला की उष्ट्या कपबश्या तशाच टाकून मी बसून राहिले. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली. मला सगळं आठवतं. तुमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला दोन पायऱ्या होत्या आणि खालची पायरी हलत होती, हेसुद्धा आठवतं, कारण त्या पायरीवर माय उभी असायची आणि तिचा तोल जाऊ नये म्हणून मी तिचा हात धरलेला असायचा.

तुम्ही माझ्या वडिलांना एकदाच पाहिलंत, म्हणून आधी त्यांचं सांगते. मी त्यांना दादा म्हणायचे. बोलणं कमी. बैलांशी जेवढं बोलायचे तेवढं माणसांशी नाही. सरकारी शाळा उर्दूची होती, मुलींना तिथं कोण पाठवणार? वकिलांच्या घरी बाई मुलींना मराठी शिकवतात असं कळल्यावर मला तिथं घाल असं मायला सांगणारे दादाच. चुलत्यांनी हसून घेतलं. दादा दुसऱ्या दिवशी बाजारातून पाटी घेऊन आले. संध्याकाळी मी पाटीवर जे लिहून आणलं असेल ते मला वाचायला लावायचे आणि झालं की म्हणायचे, "अजून एक बार."

त्या साली लेव्हीची, म्हणजे सरकारी धान्यवसुलीची, माणसं खळ्यावर आली. रानात किती पिकलं ते त्यांनी बघितलं नाही, कागदावर किती पिकायला हवं होतं तेवढं मागितलं. घरात खायला म्हणून ठेवलेली दोन पोतीसुद्धा उचलली. पोत्यांची तोंडं मायनं लाल दोऱ्यानं शिवली होती, घरात दुसरा दोरा नव्हता म्हणून. ती पोती चावडीजवळच्या सरकारी कोठारात पडून राहिली आणि आम्ही रानातली पाथरीची भाजी उकडून खायला लागलो. महिनाभर दादा त्या कोठारावरून जात-येत होते. मग एका बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, सगळं गाव बाजारात असताना त्यांनी गाडी जुंपली, कोठाराची कडी तोडली आणि तिथल्या एवढ्या पोत्यांतून आपली दोन तेवढी काढून आणली. राखणदार आडवा आला, त्याला ढकललं. तो दगडावर पडला आणि त्याचा हात मोडला. हे मी लपवत नाही. तो राखणदारही आमच्यासारखाच गरीब होता.

मायनं दोरा उसवला, दळलं, पहिली भाकरी तव्यावर होती तेव्हा पोलिसांचा अमीन आणि दोन जवान दारात आले. पळायचं दादांच्या मनातही नव्हतं. पोत्याजवळ जाऊन म्हणाले, "माझीच हाय, साहेब. दोरा बघा, लाल हाय." अमीनानं खरोखर वाकून दोरा बघितला. मग पोतीही नेली आणि दादांनाही नेलं. चोरी आणि सरकारी माणसाला मारहाण. दीड वर्षाची सजा झाली, गुलबर्ग्याच्या तुरुंगात. माय एकदा मुलाकतीला जाऊन आली. जाळीच्या पलीकडून दादांनी तिला एवढंच विचारलं, पोरगी बाईंकडं जाती का?

त्यानंतर थोड्याच दिवसांत सत्याग्रह सुरू झाला. सरकारचं दारूचं उत्पन्न बुडवायला शिंदीची झाडं तोडून माणसं तुरुंगात जायला लागली, तुमचे यजमान वकीलसाहेबही गेले. त्यांच्या घरांना धान्य पोचवायचं काम तुम्ही अंगावर घेतलंत. ते सोपं नव्हतं, हे मला मान्य करायचं नाही, पण करते. पोलिसांची नजर होती. दोनदा तुमच्या घराची झडती झाली. म्हणून तुम्ही हळदीकुंकवाचं निमित्त काढलंत. दर सोमवारी तुरुंगात गेलेल्यांच्या बायका तुमच्या सोप्यात यायच्या, तुम्ही कुंकू लावून त्यांची ओटी भरायचात, आणि ओटीत मूठभर तांदळाऐवजी पदराला ओझं होईल एवढी ज्वारी असायची. पुढं कोणी विचारलं तर देवाधर्माचं कारण. लई हुशारीचं काम होतं. गावातल्या वाण्यांनी तुमच्या शब्दावर पोती उघडली. आम्ही शिकायला बसायचो त्याच सोप्यात हे चालायचं, त्यामुळं मी ते डोळ्यांनी बघितलंय.

माय तुमच्याकडं आली ती कुणी सांगितलं म्हणून नाही. मी घरी जाऊन सांगितलं म्हणून आली. नवरा तुरुंगात असलेल्या बायकांना बाई ज्वारी देतात, एवढंच मला कळलं होतं. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, कपाळाचं कुंकू नीट केलं आणि त्या बायकांच्या शेवटी जाऊन बसली. तुम्ही ताट घेऊन एकेकीपुढं येत होता. मायपुढं आलात आणि थांबलात. तुमच्या हातातलं कुंकवाचं बोट तसंच राहिलं. मग तुम्ही हळू आवाजात तिला आत चला म्हणालात. त्या बायका बघत होत्या. त्यांच्यातल्या दोघींच्या घरी पुढं स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट आला.

आत स्वयंपाकघरात तुम्ही तिला विचारलंत, नवरा कशानं गेला? ती म्हणाली, आमचंच धान्य आणाया गेले हुते. तुम्ही म्हणालात, कोठार फोडणं आणि देशासाठी तुरुंगात जाणं यात फरक आहे. सरकार आधीच आमच्या माणसांना लुटारू म्हणतंय, त्यांच्या पंगतीत खरा कोठार फोडलेला माणूस बसवला तर आमचं तोंड बंद होईल. आणि ज्याचा हात मोडला त्या राखणदाराच्या घरी कोण देणार? त्या राखणदाराला तुम्ही त्याच आठवड्यात ज्वारी पाठवलीत असं मला नंतर कळलं. ते बरोबरच होतं. मला त्याचाही राग आला.

तुम्ही सरळ नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं. पण तुम्ही नाही म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, मुलगी हुशार आहे, तिच्यासाठी देईन. सोमवारी नको, बुधवारी ये, मागच्या दारानं ये. आणि तुरुंगाकडं जायचं नाही, त्याला काही पाठवायचं नाही. मी त्याच्यासाठी नाही, तुम्हा दोघींसाठी देते आहे, हे लोकांना दिसलं पाहिजे. मायच्या मनगटावर तव्याचा चटका बसलेला व्रण होता. तो बघून तुम्ही विचारलंत, मारायचा का? ती म्हणाली, न्हाय हो, तवा लागला. तुम्ही मान हलवलीत, जशी आम्ही चुकीचा पाढा म्हटल्यावर हलवायचात. तेव्हापासून तुमच्या लेखी दादा चोर तर होतेच, बायकोला मारणारेही झाले.

मग दर बुधवारी त्या दोन पायऱ्या. पायलीभर ज्वारी, मोजून, टोपल्यात. कुंकू नाही. मी त्याच घराच्या पुढच्या दारानं शिकायला जायची आणि मागच्या दारानं मायबरोबर ज्वारी न्यायची. कुंकू नाही लावलं म्हणून काय बिघडलं, पोट तर भरलं, असं तुम्ही म्हणाला असता. तुम्हाला माहीत नाही, बाई, त्या वर्षात माय घरी आल्यावर स्वतःच आरशाच्या तुकड्यात बघून कुंकू परत लावायची. आधीचं पुसलेलं नसायचं, तरी लावायची.

मला मात्र तुम्ही जवळ घेतलंत. तुमच्या हातचं शुद्धलेखन, तुमच्या घरातली पुस्तकं. मी 'न्हाय' म्हटलं की 'नाही' म्हण म्हणायचात, आणि तुमच्यासमोर माझ्या तोंडून 'न्हाय' येईनासं झालं. घरी गेल्यावर मायचं बोलणं मला चुकीचं वाटायला लागलं. हेही तुम्हीच दिलेलं.

दादांची सजा संपायला चार महिने राहिले तेव्हा तुम्ही आम्हा दोघींना बोलावलंत, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मायला पाटावर बसवलंत. बाहेर रझाकारांचा सुळसुळाट, वाणी लोक घाबरलेले, धान्य आटलेलं. तुम्ही तिला समजावलंत की तुरुंगातून माणूस चिडून बाहेर येतो, पुन्हा काही करील, पुन्हा जाईल. तो घरात आला तर तुझ्या नावानं मला कुणी दाणा देणार नाही. मुलीला त्याच्या सावलीतून बाहेर काढायचं असेल तर आत्ताच काढ. माय पाटावरून उठून उभी राहिली. मग म्हणाली, "तुमी म्हनाल तसं."

तुम्ही दौत-टाक माझ्यापुढं ठेवलात. तुम्ही सांगत होता, मी लिहीत होते. मी अकरा वर्षांची. 'सुटका झाल्यावर घरी येऊ नये. आमचे बरे चालले आहे. मुलीचे शिक्षण चालू आहे, त्यात अडथळा आणू नये.' मी मान वर करून विचारलं, आपली ढवळी व्याली हे लिहू का? ती गाय दादांची लाडकी होती. तुम्ही म्हणालात, पत्र मुद्द्याला धरून असावं. मी लिहिलं नाही. माझं अक्षर बघून तुम्ही म्हणालात, छान, एकही खाडाखोड नाही. मला आनंद झाला, बाई. त्या पत्रावर मला शाबासकी मिळाली आणि मला आनंद झाला. मायनं अंगठा उठवला. सोमवारच्या बायकांपैकी एकीचा नवरा त्याच तुरुंगात होता, ती मुलाकतीला जाणार होती, तिच्या हाती तुम्ही ते दिलंत. परत येताना वेशीजवळ माय मला म्हणाली, कागदाला कोन भितंय, तुझा बा आल्याबिगर ऱ्हायचा न्हाय, आला की म्या सांगते त्याला समदं. तिनं अंगठा दिला तो या हिशेबानं. दादांना ती ओळखत होती असं तिला वाटत होतं. पण दादांनी मायचा शब्द मोडला असता, पोरीच्या अक्षरातला नसता मोडला, हे तिच्या लक्षात आलं नाही.

पोलीस ॲक्शन झाली. सगळं राज्यच उलटलं. वकीलसाहेब सुटून आले तेव्हा आम्ही मुलींनी झेंडूच्या माळा केल्या, तुमच्या अंगणात मांडव पडला, मोटारस्टँडपासून मिरवणूक आली. माय मिरवणूक बघायला गेली होती. तिला वाटलं, सगळेच सुटले असतील. प्रत्येक चेहरा बघत ती शेवटपर्यंत उभी राहिली. पण दादांची रिहाई त्यांच्या सजेच्या हिशेबानंच व्हायची होती, त्यांच्यासाठी कुणी राज्य उलटलं नव्हतं.

त्यानंतर महिनाभरानं असेल. दुपारची वेळ. आम्ही सोप्यात त्रैराशिकं सोडवतोय. फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहतो. डोकं तासलेलं, अंगातली बंडी आखूड झालेली, पायात काही नाही. आत येत नाही, हाक मारत नाही, नुसता उभा. शेजारची मुलगी मला कोपर मारून विचारते, कोण गं हा, भिकारी का? मी मान खाली घालून पाटीवर आकडे लिहिते. मी पहिल्या नजरेतच ओळखलेलं असतं. पत्रात घरी येऊ नये असं लिहिलं होतं, शाळेत येऊ नये असं लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते तिथं आले होते.

तुम्ही बाहेर गेलात. त्यांना पाणी दिलंत, तांब्या-भांडं घेऊन स्वतः गेलात हे मी बघितलं. काहीतरी बोलणं झालं. मग तुम्ही आत आलात, माझ्याजवळ खाली वाकलात. तुमचा आवाज मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तसा ऐकला नाही.

"बाहेर तुझे वडील आलेत. जा, भेटून ये. मुलींना मी मागं पाणी प्यायला पाठवते, कुणी बघणार नाही."

मी म्हणाले, "मला नाही भेटायचं. माझी गणितं राहिलीत."

तुम्ही तिथंच वाकून राहिलात. मला वाटलं, आता पुन्हा सांगाल, हाताला धरून उठवाल. एरवी एका काना-मात्रेसाठी मला दहा वेळा उठवणाऱ्या तुम्ही त्या दिवशी दुसऱ्यांदा विचारलं नाहीत. फाटकाशी परत गेलात आणि त्यांना काय सांगितलंत ते मला आजवर ठाऊक नाही. मी वर बघितलं तेव्हा ते सोलापूरच्या रस्त्याकडं चालले होते. चाल तीच, बैलांच्या मागून चालायची. तेवढं मी बघितलं आणि पुन्हा आकडे लिहायला लागले. तो दिवसाचा शेवटचा तास होता, सगळी गणितं बरोबर आली.

आमच्या शेजारची अव्वा बाजारातून येत होती. तिनं दादांना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यापलीकडं, सोलापूरला जाणाऱ्या एका ट्रकमध्ये चढताना बघितलं. हाका मारल्या, त्यांना ऐकू आलं नाही का त्यांनी ऐकून घेतलं नाही, देव जाणे. घरी येऊन तिनं अर्धं कानडी अर्धं मराठीत मायला सांगितलं की तुझा मालक वकिलाच्या फाटकावर उभा होता म्हणे, पोरगी तिथंच होती. मायनं मला समोर बसवलं. तिच्या हाताला पीठ होतं. तिनं विचारलं, तुझा बा आला हुता? मी हो म्हणाले. मग तू त्याला घरी का न्हाय आनलंस?

मी म्हणाले, "बाईंनी भेटू दिलं न्हाय."

आणि हे मी 'न्हाय' म्हणाले, तिच्या बोलीत, कारण तिनं विश्वास ठेवावा असं मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं घरात उरलेली तुमची सगळी ज्वारी टोपल्यात भरली आणि तुमच्या घरी आली. पुढच्या दारानं. सोप्यात वकीलसाहेब होते, चारचौघं भेटायला आलेले होते. तिनं टोपलं त्यांच्या मधोमध ठेवलं. माझ्या मायनं आयुष्यात कुणापुढं आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. म्हणाली, "बाई, तुमी लिवून घेतलं, म्या अंगठा दिला. ते माझं पाप. पर लेकराला बापाचं तोंड बघू दिलं न्हाय, हे तुमचं."

मी तिच्या मागं उभी होते. तुम्ही तिच्याकडं बघितलं नाहीत, माझ्याकडं बघितलंत. वकीलसाहेब काहीतरी विचारायला लागले, त्यांना हातानं थांबवलंत. मी वाट बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. मुलीलाच विचारा म्हणाला असता तरी पुरलं असतं. तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं," आणि आत निघून गेलात.

त्यानंतर मायनं तुमचं तोंड पाहिलं नाही. गावात सरकारी मराठी शाळा निघाली, मी तिथं गेले, पुढं तिथंच मास्तरीण झाले. मायनं दुसऱ्यांच्या रानात खुरपून मला शिकवलं. दादांना शोधायला ती दोनदा सोलापूरला गेली, गिरण्यांच्या दारात सुट्टीच्या वेळी उभी राहिली. चौथ्या वर्षी गावचा एक माणूस निरोप घेऊन आला की तापानं गेले, तिथंच जाळलं. तो म्हणाला, लई अबोल माणूस, पण पोरगी शिकती हे समद्यास्नी सांगायचा. तुम्ही गेलात त्या दिवशी सगळं गाव तुमच्या दारात होतं. माय म्हणाली, मी यायची न्हाय, तूबी जायचं न्हाय. मी गेले नाही. तिनंही जग सोडलं ते तुमच्यावरचा राग मनात ठेवूनच.

लोक तुम्हाला दयाळू म्हणतात, बाई. मीही म्हणेन, पण मला त्या शब्दाचा वीट आहे. तुम्ही उपाशी बाईला नवरा सोडायची अट घातलीत. पोरीच्या हातून बापाला नको म्हणायला लावलंत. आणि शेवटी जे माझं होतं, निव्वळ माझं, तेही दोन शब्दांत स्वतःवर घेऊन मोकळ्या झालात, मला विचारलंसुद्धा नाहीत. अकरा वर्षांच्या मुलीला वाचवलंत असं तुम्हाला वाटलं असेल. त्या दिवशी तुम्ही मला खोटं पाडलं असतं तर मायनं मला बडवलं असतं, रडली असती आणि मला घेऊन त्याच दिवशी सोलापूरच्या रस्त्याला लागली असती. तिनं शोधायला सुरुवात केली ती चार महिन्यांनी, कारण त्याआधी ती तुमच्यावरच्या रागात गुंतली होती. याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. ज्वारीबद्दल एखादवेळ करीन.

हे लिहून झालं आणि वाचून बघितलं. कुठं धाडायचं नाही, त्या सभागृहवाल्यांना तर नाहीच. तुम्हाला लिहायला मला त्रास झाला नाही, शब्द सापडत गेले. खरं म्हणजे हे मायला सांगायचं होतं. काल रात्री जेवणाआधी तिच्या नावानंच सुरुवात केली होती. 'माय' एवढं लिहिलं आणि पुढं हात चालेना, म्हणून तो कागद बाजूला ठेवून दुसऱ्यावर तुमचं नाव घातलं.